ड्रॅगन पाळणारे साडू

उभ्या पालघर जिल्ह्यात ड्रॅगन पाळलेला माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे अभिमानाने सांगावं की शरमेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकांचे साडू कसे कामाला येतात! कुणाचा आरटीओत असतो, कुणाचा ठेकेदार असतो, कुणाचा निदान लग्नात पंगतीला वाढायला तरी उभा राहतो. माझे साडू पंगतीला उभे राहिले की पहिल्या पानापाशीच थांबतात, कारण त्या पाहुण्याने भात संपवल्याशिवाय पुढे कसं जायचं, हा त्यांना प्रश्न पडतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, सातपाटीच्या. थोरली त्यांना दिली, धाकटी मला. नाती सांभाळण्यासाठी वर्षातून दोनदा भेटलं तरी पुरतं, पण मी महिन्यातून एकदा तरी पालघरहून दांडीला त्यांच्या घरी जातो, आणि खरं सांगायचं तर नात्यासाठी जात नाही. त्यांच्याकडे बसलं की बरं वाटतं म्हणून जातो.

साडूभाऊ बोईसरला एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. दांडीच्या होड्यावाल्या घरातला हा एकटाच मुलगा समुद्राकडे पाठ करून नोकरीला गेला. वाफेच्या दाबाचा काटा बघत बसायचं, तो लाल रेघेकडे निघाला की उठायचं, नाही निघाला तर बसायचं, हे काम ते पंचवीस वर्षं करत आहेत. या कामाने माणसाला वेड लागतं असं म्हणतात. साडूभाऊंना उलट त्यात गोडी लागली. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. चहा निवायची वाट बघतात, निवल्यावर साय धरायची वाट बघतात, आणि साय धरली की ती काढून टाकतात. सकाळी आठच्या एसटीसाठी सात वाजता थांब्यावर उभे असतात. मी एकदा विचारलं, "एवढ्या लवकर कशाला?" तर म्हणाले, "गाडी लवकर आली आनि मी नसलो, तर तिला काय वाटंल?"

पण ही सवय त्यांना बॉयलरने लावली असं जे मी इतकी वर्षं समजत होतो, ते तितकंसं खरं नाही. ताई, म्हणजे माझी मेहुणी, आरोग्य खात्यात नर्स आहे. लग्नाला महिनाही झाला नव्हता. दोघांचं मुंबईला राणीच्या बागेत प्राणी बघायला जायचं ठरलं होतं. भाकऱ्या आणि तळलेल्या बोंबलाचा डबाही भरून झाला होता, आणि पोस्टमन तिच्या नेमणुकीचं पत्र घेऊन दारात उभा राहिला. जव्हारच्या पलीकडे, डोंगरातलं एक उपकेंद्र. दुसऱ्याच दिवशी हजर व्हायचं होतं. "दोन वर्सांचा तर प्रश्न हाय," साडूभाऊ म्हणाले, आणि तोच डबा तिच्या पिशवीत ठेवून तिला एसटीत बसवून आले. त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. ताईला सुट्टी रविवारी, साडूंच्या कारखान्याला शुक्रवारी. ती शनिवारी संध्याकाळी थकून उतरते तेव्हा हे दुसऱ्या पाळीला असतात, आणि हे रविवारी मोकळे असतील तर तिकडे कुणाची तरी बाळंतीण अडलेली असते. एकाच घरात दोघं राहतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. मूलबाळ नाही.

दर वर्षी बदलीचा अर्ज जायचा. नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असले तर एकत्र आणायची सोय असते म्हणे, पण साडूभाऊ पडले खाजगीत. त्यामुळे अर्ज ज्या वाटेने जाई त्याच वाटेने परत येई. "आमच्यात बाप्या दर्यावर जातो नि बाय किनाऱ्यावर वाट बघते," ते मला म्हणाले होते, "माझ्या आयशीनं बघितली, आजीनं बघितली. मी पयला बाप्या, जो किनाऱ्यावर ऱ्हायला." हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

आता तो खेळ. कारखान्यातला एक उत्तर प्रदेशचा ऑपरेटर नोकरी सोडून गावी निघाला, तेव्हा त्याने आपला जुना कॉम्प्युटर साडूभाऊंच्या गळ्यात घातला. "भाईसाब, इसमें एक खेल है. मन लगा रहेगा." त्या भल्या माणसाला आपण काय करतोय याची कल्पना नसावी. खेळ असा, की दाढीवाले सात बुटके बैलगाडी घेऊन एका डोंगरापाशी येतात. डोंगर पोखरून घरं करतात, शेती करतात, मासे धरतात, भांडतात, लग्नं करतात, मरतात. आपण त्यांना हाताने हलवायचं नाही. नुसतं सांगायचं, की बाबांनो इथे खणा, तिथे खाट ठेवा. मग त्यांच्या मनात येईल तेव्हा ते करतात. म्हणजे सांगायचं आणि वाट बघायची. जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसून कुणीतरी खास माझ्या साडूंसाठी हा खेळ बनवला असावा, अशी माझी खात्री आहे.

पहिल्याच वर्षी त्यांनी आपली वसाहत उपाशी मारायचीच बाकी ठेवली होती. बुटके नदीवर मासे धरून पोट भरत होते. इतक्यात दांडीला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या, आणि साडूभाऊंनी इमानदारीने बुटक्यांचीही मासेमारी बंद केली. "पावसाळ्यात मासली अंडी घालते. आता धरली तर म्होरं काय खाल?" बुटक्यांची बाजू कोण मांडणार? अडचण अशी, की बुटक्यांचं एक वर्ष आपल्या दोन-अडीच तासांत संपतं, आणि साडूभाऊंनी बंदी मोजली ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नारळी पौर्णिमा येईपर्यंत त्या बिचाऱ्यांची वीस-बावीस वर्षं माशाविना गेली. दोन पिढ्या नुसत्या अळंब्यांवर वाढल्या. चार म्हातारे मेले. त्यांचं साडूभाऊंनी सुतक पाळलं. पौर्णिमेला भावांबरोबर दर्याला नारळ वाहिला, त्यामागोमाग बुटक्यांच्या नावानं दुसरा वाहिला, आणि मग घरी येऊन नदी खुली केली. भाऊ अजून चिडवतात, "होडी सोडली नि बुटके पाळले!" ते चिडत नाहीत. "होडी तरी माजी कुठं ऐकायची?" एवढंच म्हणतात.

त्या डोंगरात वर्षाला एकदा व्यापारी येतात. बाकीचे खेळणारे म्हणे कोणीही हुशार बुटका सौद्याला बसवतात. साडूभाऊंनी तिथे फक्त बाया बसवल्या, कारण बाजार हे पुरुषाचं काम नव्हे हे दांडीत शेंबडं पोरही सांगेल. बुटक्यांचा म्होरक्या, चांगला सोन्याचा मुकुट वगैरे घातलेला, सौद्याच्या दिवशी कोपऱ्यात उभा असतो. मी माझी सरकारी कारकुनाची अक्कल चालवून म्हटलं, "अहो, तो राजा आहे!" तर म्हणाले, "आसंल. टोपली उचलून द्यायला लागंल तवा बोलवतील त्याला."

या व्यापाऱ्यांकडे पिंजऱ्यातून जनावरं विकायला येत, आणि तिथूनच साडूभाऊंच्या प्राण्यांच्या बागेचा उगम झाला. हा खेळ खेळणारे लोक किल्ले बांधतात, सैन्य उभारतात, सोन्याच्या खाणी खणतात. साडूभाऊंनी डोंगराच्या पोटात बाग काढली. दोन्ही बाजूंना पिंजरे, मधून रस्ता, दर दहा पिंजऱ्यांमागे दगडी बाक आणि पाण्याची विहीर. मी म्हटलं, "बुटके कुठे थकतात?" त्यावर "बाया थकतात," असं उत्तर मिळालं. त्या खेळात एका चौकोनात एकच जण मावतो. सगळी बाग खणून झाल्यावर हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी अख्खा रस्ता पुन्हा फोडून दोन चौकोन रुंद केला. या कामाला बुटक्यांची तीन वर्षं आणि साडूभाऊंचे दोन शुक्रवार गेले. "का?" असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "प्रानी बघायला मानूस एकटं जातं काय?"

त्यांच्या बागेचा नियम एकच: जोडी. नर आणि मादी असल्याशिवाय पिंजरा दर्शनी रस्त्यावर लागणार नाही. अस्वलांची जोडी जमायला बुटक्यांची सहा वर्षं गेली. कपाळावर शिंग असलेला पांढरा घोडा असतो, त्याला हे एकशिंग्या म्हणतात. त्याच्या घोडीसाठी त्यांनी व्यापाऱ्यांना इतकी वर्षं ताटकळवलं की ते व्यापारी आजही बागेच्या वाटेने येताना दबकून येत असतील. अर्धा गरुड आणि अर्धा सिंह असा एक प्रकार होता. तो कुठल्या बाजूने नर आहे हे तपासण्यातच एक शुक्रवार गेला. आणि जोपर्यंत सगळ्या जोड्या पूर्ण होत नाहीत तोपर्यंत बागेचं दार बंद. डोंगरात दीडशे बुटके राहत होते, त्यांच्या पायाखाली जगातली सर्वोत्तम बाग होती, आणि ती एकानेही पाहिलेली नव्हती.

सगळं अडलं होतं ते ड्रॅगनपाशी. ती मादी होती. एके दिवशी आपणहून आली, दरवाजा जाळला, अकरा बुटके भाजून काढले आणि शेवटी पिंजऱ्याच्या सापळ्यात सापडली. दुसरा कुणी असता तर विजयोत्सव केला असता. साडूभाऊ तिच्याकडे बघत म्हणाले, "किती लांबनं आली आसंल एकटी." त्यांनी तिच्यासाठी बागेच्या टोकाला सगळ्यात मोठं दालन खणलं, शेजारी तेवढंच दुसरं खणलं आणि ते रिकामं ठेवलं. तिला मात्र मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. "एकटीला लोकांम्होरं मांडायची नाय. लोक नाय नाय ते इचारतात." नर कधी येणार? तसं काही सांगता येत नाही, कदाचित येतही नाही. हे मला बाकीच्या खेळणाऱ्यांनी कुठेतरी लिहिलेलं वाचून कळलं होतं. मी साडूभाऊंना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "ती एकटी म्हंजे ताईच हाय. तुमाला इतकं पन कळत नाय?" मी कारकून माणूस, जावक क्रमांक पडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट कळत नाही. त्या दिवशी मात्र कळली, आणि मग दांडीला जाऊन त्या पडद्याकडे बघणं मला अवघड वाटू लागलं.

आणि यंदा जागा निघाली. चिंचणीजवळच्या एका गावातली, दांडीपासून स्कूटरने वीस मिनिटं. एकोणीस वर्षं डोंगरात काढल्यामुळे ताईचा नंबर वर होता. या वेळी नुसता अर्ज भरायचा की बदली झालीच. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो आणि तो दरवर्षी साडूभाऊच भरत. शेवटची तारीख शुक्रवारची होती. बायकोने मला रजा काढायला लावून दांडीला धाडलं. "भावोजी वाट बघत बसतील नि तारीख निघून जाईल. तुमी जाऊन बटन दाबूनच या."

मी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. वाटेवर बोंबील वाळत होते, आणि साडूभाऊ नवा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. बागेत बुटके झाडलोट करत होते. अर्ज दुसऱ्या खिडकीत उघडलेला होता, सगळा भरलेला. खाली फक्त एक प्रश्न उरला होता: बदली हवी की नको. मी म्हटलं, "दाबा." ते म्हणाले, "तिचा फोन येऊ दे. टेकडीवर चढल्याबिगर रेंज नाय मिलत तिला." मग आम्ही फोनची वाट बघितली. मी दोन चहा प्यायलो, आणि त्यांच्या चहावर साय धरली.

फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तो कानाला धरून बोलणं जमत नाही. ते फोनशी समोरासमोर बोलतात. ताईला धाप लागली होती.

"भरला काय?"

"भरलाय. शेवटचं ऱ्हायलंय. हो म्हनू ना?"



"तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली.

"दिवस भरलेल्या बाया किती हायत आता?"

"चार. एकीची जुळी हायत."

"नि तुज्या जागी कोन?"

"येल कोनतरी."

"शेजारच्या उपकेंद्राला कोन आलं?"

शेजारच्या उपकेंद्रातली नर्स दोन वर्षांपूर्वी बदलून खाली गेली, तेव्हापासून तिथल्या बायाही ताईकडेच येतात, हे मला माहीत होतं. एकीला झोळीत घालून आणलं होतं आणि ती वाटेतच गेली, हेही माहीत होतं. त्या आठवड्यात ताई घरी आली तेव्हा जेवली नव्हती. मी साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणायचं होतं, की अहो, एकोणीस वर्षं झाली, जगाचं जग बघेल, तुम्ही दाबा. ते पडद्याकडे बघत होते, बॉयलरचा काटा बघतात तसे.

"तुला यायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"असं काय इचारता," ताई म्हणाली. "रोज यायचंय."

"मला पन रोज वाटतं," साडूभाऊ म्हणाले. एवढं सरळ बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "मग आसं करू. हे साल ऱ्हाऊ दे. जुळी होऊ दे येवस्थित."

"हां," ताई म्हणाली. त्या एका 'हां'मध्ये सुटका जास्त होती की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. साडूभाऊंनी 'नको'वर खूण केली आणि अर्ज पाठवून दिला. वाट बघण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने एवढ्या एका गोष्टीत क्षणाचाही उशीर केला नाही, याचा मला तेव्हा राग आला. घरी जाऊन बायकोला काय सांगू, हाही राग त्यात होताच.

मग त्यांनी खेळाची खिडकी पुढे घेतली, आणि बुटक्यांना सांगितलं की ड्रॅगनला पुढच्या दालनात आणा. मी म्हटलं, "अहो, जोडी कुठे आहे?" ते म्हणाले, "नसू दे. तिनं काय लपून ऱ्हायचं? तिला कसली लाज हाय?" बुटक्यांनी तिला ओढत आणलं. शेजारचं दालन रिकामंच होतं. मग त्यांनी बागेचं दार उघडलं, आणि इतक्या वर्षांनी बुटके दोघं-दोघं, तिघं-तिघं आत शिरू लागले.

"काय करताय?" फोनमधून ताईने विचारलं. ती अजून टेकडीवरच होती.

"बाग खुली केली."

"खरं? मला दाखवा की!"

व्हिडिओ लागेना. दोनदा नुसतं तिच्या पदराचं टोक दिसलं आणि थांबलं. तेव्हा साडूभाऊ खुर्ची पुढे ओढून बसले आणि सांगू लागले, की आता तू दारातनं आत आलीस, उजवीकडे अस्वलं हायत, नर झोपलाय नि मादी आपल्याकडंच बघतेय. ताई मध्येच विचारी, केवढी हायत, खायला काय देता. मधेच रेंज गेली. ते बोलायचे थांबले, फोनकडे बघत राहिले, आणि ती परत आली तेव्हा जिथे तुटलं होतं त्याच पिंजऱ्यापासून पुन्हा सुरू झाले. ताईने मग विचारलं, "नि ती मोठी? एकटीच हाय ना?"

"एकटीच हाय," साडूभाऊ म्हणाले. "पन रुबाब बघशील तर! सगळे तिच्याम्होरंच उभे हायत."

मला तिथे बसवेना. मी उठलो, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. अंगणात चपला घालताना आतून त्यांचा आवाज येत होता, शांत आणि सावकाश, जणू संध्याकाळपर्यंतचा सगळा वेळ त्या दोघांचाच होता. ते तिला सांगत होते, की पाय दुखले आसतील तर हितं बाक हाय, बस जरा, मी उभा ऱ्हातो.